तिच्या वाट्याची काडी

बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात मागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ती फ्रेमच्या मापाने काचा घासायची, त्या खाचेत अलगद बसवायची आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील असे स्क्रू आवळायची. सगळे तिला काचवाल्या बाई म्हणत. हात इतका स्थिर, की बाईंच्या हातून आजवर एक काच फुटली नाही असं मालक गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. फुटल्या होत्या तशा दोन-तीन, पण त्या मालक जेवायला गेलेले असताना.

बाई शांत, कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असं माणूस कुणावर जळत नसेल असं आपल्याला उगीचच वाटतं. ती जळायची. आणि तेही शेजारणीच्या दागिन्यांवर किंवा बहिणीच्या मोठ्या घरावर नाही. ती जळायची स्वतःच्या नवऱ्यावर.

नवरा रंगारी. उंचापुरा, दाढीवाला, बोलका. लोकांच्या भिंती रंगवायचा, आणि ब्रश खाली ठेवेपर्यंत त्या घरातल्या सगळ्यांना आपलंसं करून टाकायचा. काम असलं तर भरपूर, नसलं तर महिनाभर नाही. त्यांना आधीची दोन मुलं होती. मोठी ताई, दुसरीत जाणारी, घरातली सगळ्यात शहाणी व्यक्ती. तिच्यामागचा बोका, चार वर्षांचा, कुठल्याही डब्याचं झाकण उघडून आत तोंड घालणारा. तिसरं एकच होणार असं धरून चालले होते. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवून दोन बोटं दाखवली, तेव्हा तो मोठ्याने हसला होता आणि तिला रडू फुटलं होतं. त्या घरात पुढे जे काही झालं त्याची सुरुवात इथेच झाली असं म्हणायला हरकत नाही.

जुळी वेळेआधी आली. मुलगा गुबगुबीत, त्याचं नाव ढब्बू पडलं. मुलगी मात्र एवढीशी. तिला पहिल्यांदा पाहिल्यावर आईच म्हणाली, "अगं बाई, ही तर चष्म्याची काडी." तेच नाव पडलं. काडीला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आई तिच्याजवळ राहिली आणि बाप ढब्बूला घेऊन घरी आला. बाटली कशी उकळायची, दूध किती कोमट हवं, ढेकर काढताना हात कुठे ठेवायचा, हे सगळं तो शिकला. काडी घरी आली तेव्हा वाटणी होऊन गेलेली होती. कुणी बसून ठरवली नव्हती, पण भावाभावांत घराची होते तशी पक्की झाली होती. काडी तिची, ढब्बू त्याचा. घरातली भाषासुद्धा तशीच झाली. "तुझी रडतेय." "तुझा ओला झालाय बघ." मुलांची अशी वाटणी करू नये हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण दोन तान्ही आणि दोन लहान मुलं असलेल्या घरात तेवढी अक्कल वापरायला सवड कुणाला असते?

बाळंतपणाची रजा संपली. तिची नोकरी कायमची, त्याचं काम आज आहे तर उद्या नाही. कुणी घरी राहायचं याचा फारसा विचार करावा लागला नाही. त्याने ब्रश धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि कमरेला टॉवेल खोचला.

अडचण एकच होती. ढब्बू बाटली म्हणाल तर बाटली, वाटी म्हणाल तर वाटी, काहीही चालवून घ्यायचा. काडी मात्र आईच्या अंगावरचं सोडून कशाला तोंड लावायची नाही. बाटली दिसली की ओठ घट्ट मिटायची आणि मान अशी फिरवायची की जणू कुणी तिचा अपमान केलाय. म्हणून रोज दुपारी तो दोघांना जुळ्यांच्या गाडीत घालायचा, गाडीची दांडी धरायला बोक्याला लावायचा आणि ही सगळी वरात बाजारातून चष्म्याच्या दुकानाकडे निघायची.

बाजाराने त्याला डोक्यावर घेतलं. फळवाला बोक्याच्या हातात केळं द्यायचा. औषधांच्या दुकानातली मुलगी बाहेर येऊन गाडीत डोकवायची. म्हाताऱ्या बायका थांबून त्याच्या दंडावर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "किती रे बाबा करतोस." याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. रोज नवं केळं, रोज नवं कौतुक.

दुकानात काउंटरवर एक जाडजूड, हसरी बाई असायची. ती पडद्याआड येऊन म्हणायची, "बाई, असा नवरा मिळायला नशीब लागतं हं. आमच्याकडचे तर पोर रडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात."

"हो ना," ही म्हणायची आणि स्क्रू जरा जास्तच आवळायची.

कारण तिला आठवायचं, की ताई तान्ही असताना हीच ती बाजारपेठ होती. पुढे बोका पोटात, कडेवर ताई, हातात भाजीची पिशवी, खांद्यावर दुकानाचा डबा. कुणी दंडावर हात फिरवला नव्हता. फळवाल्याने केळं दिलं नव्हतं. एकदा कापडवाला बोलला होता तिच्याशी, तो एवढंच म्हणाला होता, "बाई, दारात उभ्या राहू नका." तिने सहा वर्षं जे केलं ते आईपण होतं, आणि त्याने सहा महिने केलं तर तो थोर. सासूबाईंचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "माझं लेकरू दमतं का गं फार?" लेकरू म्हणजे हा, दाढीवाला.

बरं, तो करायचाही नीट. हे तर आणखी वाईट. तो चुकावा म्हणून ती टपून बसायची. दुधाच्या पावडरीचं झाकण उघडं राहिलं की तिला बरं वाटायचं. ओला टॉवेल गादीवर पडलेला दिसला की संध्याकाळ कारणी लागायची. पण अशी सुखं फार वेळा मिळत नसत. बोका पडला की धावत बापाकडे जायचा, ती जवळ उभी असली तरी तिला वळसा घालून. एक दिवस सकाळी ती कंगवा घेऊन बसली तर ताई म्हणाली, "राहू दे आई, बाबा घालतो वेणी. तो ओढत नाही." ढब्बूला तिने उचललं की तो थोडा वेळ सभ्यपणे बसायचा, पाहुण्याच्या मांडीवर बसावं तसा, आणि मग दोन्ही हात बापाकडे पसरायचा. "लबाड कुठला," असं हसत म्हणून ती त्याला देऊन टाकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. भांड्यांना पोचे आले होते. नवऱ्याला वाटायचं, दमते बिचारी.

तिच्या वाट्याला काय उरलं होतं, तर दुपारचा तो वेळ. मागच्या खोलीत पडदा ओढायचा, काच घासायचं यंत्र बंद करायचं आणि स्टुलावर बसून काडीला कुशीत घ्यायचं. काडी एका हाताने तिचं बोट धरून ठेवायची आणि डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलवायची नाही. बाहेर नवरा काउंटरवालीला हसवत असायचा, बोका फ्रेमच्या आरशात जीभ काढून बघत असायचा, आणि आत ही दोघी. या एका पोरीला तिच्यावाचून चालत नव्हतं. बाकी तीन त्याची झाली तरी झाली, काडी तिची होती. ती दिवसभर या वेळाकडे डोळे लावून बसायची.

आणि एक दिवस तो रोजच्यापेक्षा उशिरा आला. घाई नाही, धाप नाही, गाडी ढकलता ढकलता शीळ घालत. गाडीत ढब्बू टकमक बघत होता आणि काडी झोपलेली होती, पोट तट्ट भरलेलं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा ओघळ.

"घेतली," तो म्हणाला. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. "बाटली घेतली तिने. पूर्ण संपवली."

"कशी?"

"तुझा गाऊन घातला मी. तो निळा, जुना. म्हटलं, तुझा वास आला तर फसते का बघू. खिडकीजवळ पाठ करून बसलो, गुणगुणलो, आणि बाईसाहेब प्यायल्या की."

काउंटरवाली पोट धरून हसली. दाढीवाला माणूस, वर बायकोचा गाऊन, पाठी शिवण उसवलेली, ते चित्र डोळ्यांसमोर आणून ती पुन्हा पुन्हा हसली. मालकही हसले. हीसुद्धा हसली, हसावंच लागलं. मग "एक काच राहिलीय" असं म्हणून ती आत गेली आणि पडदा ओढला. दूध भरून आलेलं होतं, ब्लाउज भिजत चालला होता. तिने हातरुमाल छातीशी दाबला आणि यंत्र चालू केलं, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. तिच्या मुलांवर त्याने कब्जा केला होता, ते तिने सोसलं होतं. आता तिचा वासही त्याने नेला होता. असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगून काय सांगणार, की माझा नवरा माझ्या मुलीला उपाशी ठेवत नाही?

त्याच आठवड्यात काडीचं वजन करायचं होतं. एरवी तोच न्यायचा, पण या वेळी ती हट्टाने सुट्टी काढून स्वतः गेली. डॉक्टरांनी काडीला तागडीत ठेवलं, काडीने तागडीत पाय झाडले आणि डॉक्टर खूश झाले. म्हणाले, छान भरलीय, बाटली घेते तर उत्तमच, आता तुम्हालाही जरा मोकळीक. मोकळीक. सगळ्या जगाला तिला मोकळं करायचं होतं.

घरी येईपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. दार उघडलं. तो ढब्बूला मांडीवर नाचवत होता, आणि काडीने तिच्या कडेवरून, दारातूनच, त्याच्याकडे झेप घेतली. ढब्बूसारखी. दोन्ही हात पसरून.

"काय म्हणाले डॉक्टर?" काडीला घेत त्याने विचारलं.

"वजन कमी आहे," ती म्हणाली. "बाटली नको म्हणाले. अजून दोन-तीन महिने तरी अंगावरचंच द्या म्हणाले."

बोलून झालं आणि तिची तिलाच भीती वाटली. इतक्या सहज ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. तो हसायचा थांबला. काडीच्या पायांवरून, दंडांवरून हात फिरवून बघू लागला, कुठे कमी पडलं ते शोधत असल्यासारखा.

"पण मग ते..." तो म्हणाला.

"ते काय?"

"काही नाही. डॉक्टर म्हणतात तर राहू दे."

निळा गाऊन पुन्हा खुंटीवर गेला आणि दुपारची वरात सुरू झाली. तिला तिचा वेळ परत मिळाला. पण चोरून मिळवलेली वस्तू हातात धरली तरी आपली वाटत नाही म्हणतात, तसं झालं. शिवाय काडी बदलली होती. ती प्यायची, पण मध्येच थांबायची. बाहेर बापाचं हसणं ऐकू आलं की तोंड काढून पडद्याकडे बघायची, आणि हिने हनुवटी धरून वळवली की उपकार केल्यासारखी पुन्हा प्यायला लागायची. आता ही काडीवरही रागावू लागली. एवढ्याशा पोरीवर कुणी रागावतं का? ती रागावायची.

असे काही आठवडे गेले. मग एक दिवस दुकानात एक ठेकेदार आला. वयाप्रमाणे जवळचं दिसेनासं झालं होतं, त्याचा चष्मा तयार होता. काड्या कानामागे टोचतात का बघायला मालकांनी तिला बाहेर बोलावलं. ठेकेदाराने तिला ओळखलं.

"वहिनी, तुम्ही इथे होय? तुमच्या यजमानांनी फार निराश केलं बुवा मला."

"का? काय झालं?"

"अहो, शाळेचं काम. नवी इमारत, आतून बाहेरून सगळी. मी त्याला म्हटलं, तूच मुख्य, माणसं तुझ्या हाताखाली देतो, रंगही तूच निवड. नाचायचा बाकी होता. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढलीत त्याने. मुलांना ठेवायची सोय केली, पाळणाघरवाल्या मावशींकडे जाऊन बोलून आला. फक्त म्हणाला, धाकटी बाटलीला लागली की हिला सांगतो, आधी सांगून आशा लावत नाही. आणि मग एक दिवस येऊन म्हणतो, मुलगी अशक्त आहे, डॉक्टर नाही म्हणाले, तुम्ही दुसरा माणूस बघा. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या."

तिच्या हातातली फ्रेम पिळली गेली. काच तडकली, आणि मालक तेव्हा जेवायला गेलेले नव्हते.

"मिळाला का दुसरा माणूस?" तिने विचारलं.

"सोमवारी एकाला बोलावलंय. हात जड आहे त्याचा, पण काय करणार?"

दुसरी काच घासताना तिच्या डोळ्यांसमोर तो गाऊन घालून खिडकीशी बसलेला दिसत होता. तिला वाटलं होतं, तो काडीला तिच्यापासून तोडतोय. तो स्वतःची सुटका करून घेत होता, भिंतींकडे परत जायला बघत होता, आणि तिने त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता. लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग जुनंच काहीतरी उभं राहिलं: आता खरं सांगायचं, म्हणजे तो पुन्हा थोर आणि मी वाईट. सासूबाईंना कळलं तर झालंच.

घरी जाताना वाटेत तिला युक्ती सुचली. खरं सांगायची गरजच काय? आणखी एक खोटं बोललं की पहिलं फिटतं. काम त्याला मिळेल आणि हिची अब्रूही राहील.

ती घरी आली तेव्हा तो न्हाणीघरात टबापुढे गुडघे टेकून बसला होता. टबात ढब्बू पाण्यावर थापट्या मारत होता. काडी बाहेर सतरंजीवर पालथी पडून बोक्याच्या मोज्याशी झटापट करत होती, आणि ताई अभ्यास सोडून तिच्यावर लक्ष ठेवत होती.

"अरे, येताना डॉक्टरांकडे जाऊन आले," दारात उभी राहून ती म्हणाली. "काडीचं विचारलं. आता बाटली चालेल म्हणाले."

त्याने ढब्बूच्या डोक्यावर पाणी ओतलं. मागे वळून बघितलं नाही.

"कधी गेलीस?"

"आत्ताच."

"दवाखाना बंद आहे. डॉक्टर गावाला गेलेत, दारावर पाटी आहे. आम्ही रोज तिथूनच येतो."

टबात ढब्बूच्या थापट्या चालूच होत्या. तिसरं खोटं तिच्याकडे तयार नव्हतं.

"पहिल्या वेळचंही मला माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी गेलो होतो मी. म्हटलं, अशक्त आहे तर ताकदीचं औषध तरी विचारू. डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, या पोरीला औषध दिलंत तर ती भिंत पाडेल."

"आणि तू बोलला नाहीस?"

"नाही."

"मला ठेकेदार भेटला आज. सगळं कळलं. शाळेचं काम सोडलंस तू, माहीत असून. का?"

त्याने टॉवेल जवळ ओढला. ती वाट बघत राहिली. तो आता काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं. म्हणेल, तुझ्यासाठी. तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि मग आयुष्यभर त्याच्या मोठ्या मनाखाली दबून राहावं लागणार. खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकायच्या आधीच तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. क्षमा करण्यातही हाच पुढे.

"तुझी थाप मला सोयीची पडली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने ढब्बूला उचलून टॉवेलात गुंडाळलं. दाढीतून पाणी ठिबकत होतं. "त्या मावशींकडे बघायला गेलो होतो ना, यांना घेऊन. हा गाढव सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. त्यांच्या गळ्यातली माळ धरली आणि सोडेचना. मी निघतो म्हटलं, हात पुढे केले, तर याने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. तोंड फिरवलं याने. मी याला रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरलो, याच्या पोटदुखीला मी रडलो, आणि ही बाई कोण कुठली? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काम हवं होतं गं मला. खूप हवं होतं. पण ती बाई डोळ्यांसमोरून जाईना. मग तू येऊन म्हणालीस बाटली नको, आणि डॉक्टरांनी खरं सांगितलं, तर मी म्हटलं, बरं झालं. आता मी नाही म्हटलेलं नाही, डॉक्टरांनी म्हटलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका ओळखीचा चेहरा तिने त्याच्यावर कधी पाहिला नव्हता. तो चेहरा ती रोज दुकानातल्या आरशात बघत होती.

मग तिला खरंच राग आला. "म्हणजे दुपारभर माझं मन मला खात होतं ते उगीचच? मला वाटलं, माझ्यामुळे तुझं काम गेलं."

"गेलं ते तुझ्यामुळेच."

"आणि तुझ्यामुळे नाही? आधी सांगितलं असतंस तर?"

"सांगून काय? तू झाकण उघडं राहिलं तरी सात वेळा सांगतेस."

"कारण राहतं उघडं!"

दोघं भांडली. कितीतरी दिवसांनी मोकळेपणी, आवाज चढवून, बाजाराचं कौतुक, कापडवाल्याचं बोलणं, सासूबाईंचं लेकरू, ताईची वेणी, सगळं बाहेर आलं. तिने स्पष्ट सांगितलं, मी तुझ्यावर जळते. तो म्हणाला, मलाही तू सकाळी डबा घेऊन बाहेर पडतेस तेव्हा तुझा हेवा वाटतो, तुझ्याशी दिवसभर बोलणारी माणसं मोठी असतात. टॉवेलातला ढब्बू शिंकला तेव्हा कुठे दोघं थांबली.

"संपलं का?" दारातून ताईने विचारलं. "काडीने मोजा खाल्लाय."

मोजा काडीच्या तोंडातून काढल्यावर हिने ठेकेदाराचा नंबर लावला आणि फोन नवऱ्याच्या कानाला लावला. त्याचे हात ओले होते, आणि तसेही तो स्वतःहून लावता ना.

सोमवारी सकाळी ताईला शाळेत सोडून दोघं बाकीच्या तिघांना घेऊन पाळणाघरात गेली. त्याने माळ्यावरून काढलेले ब्रश काखेत धरले होते. हिच्या पिशवीत निळा गाऊन होता. मावशी म्हणजे बुटक्या, गोलसर, गळ्यात मण्यांची लांब माळ. हिने त्यांना सूचना द्यायला सुरुवात केली. काडी बाटली अशी सहजासहजी घ्यायची नाही, पाठ करून बसावं लागतं, हा गाऊन खांद्यावर घ्यावा लागतो, गुणगुणावं लागतं. नवऱ्याने ढब्बूच्या सांगितल्या. मावशी हो हो म्हणत होत्या. मग त्यांनी ढब्बूला एका कडेवर घेतलं, काडीला दुसऱ्या, बोक्याला पायाने खेळण्यांच्या टोपलीकडे ढकललं आणि म्हणाल्या, "या आता तुम्ही. उगाच रेंगाळू नका, मुलांना त्रास होतो."

दार बंद झालं. दोघं जिन्यात उभी राहिली. ठरलं होतं, की काडी रडली तर लगेच आत जायचं, कामाचं पुढे बघू. ती भिंतीला टेकली, त्याने दाराला कान लावला. खरं काय ते सांगायचं तर ती काडीच्या रडण्याची वाट बघत होती. रड, असं ती मनात म्हणत होती. थोडं तरी रड.

आतून काहीच आलं नाही. मग चमच्याने डब्यावर वाजवल्याचा आवाज आला, आणि त्यावर काडी हसली. मोठ्याने, पोटातून, थांबून पुन्हा. मागोमाग ढब्बू हसला. बाटलीचा विषयच नव्हता, गाऊन पिशवीतच होता आणि पिशवी हिच्या खांद्यावरच राहिली होती.

त्याने दारापासून कान काढला. दोघं पायऱ्या उतरायला लागली.

"हात धुतले नाहीत त्यांनी," अर्ध्या जिन्यात ती म्हणाली.

"आणि पडदे बघितलेस? कळकट," तो म्हणाला.

"ती माळ तर मुलांच्या तोंडात जाईल एखाद दिवशी."

"बोलतातही जरा जास्तच गोड. मला नाही आवडत असं गोड बोलणं."

"मला पहिल्यापासूनच नाही आवडलं."

खाली रस्त्यावर आल्यावर शाळेच्या कामावर जायला तो डावीकडे वळणार होता आणि दुकानाकडे ती उजवीकडे. दोघंही तिथेच थांबली, मान वर करून खिडकीकडे बघत. खिडकीत कुणी नव्हतं. तिने त्याच्या काखेतून घसरणारे ब्रश नीट केले.

"उद्या जरा लवकर येऊ न्यायला," तो म्हणाला.

"आजच," ती म्हणाली.